गिरणगावाचे फोटो काढायचे तर अर्धं गिरणगाव गावाकडे आहे

काळाचौकीकर (धागाकर्ता)

मंडळी, सहा वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन लालबाग, परळ, शिवडी, डिलाइल रोड पालथे घालतोय. हा मुंबईतला कापडगिरण्यांचा भाग, म्हणजे गिरणगाव. वडील गिरणीच्या साचेखात्यात होते, म्हणजे मागांवर (साच्यांवर) कापड विणायच्या खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. "दोन महिन्यांत मिटेल" हे वाक्य आमच्या चाळीत दारोदारी ऐकू यायचं. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. या विषयावर मला तटस्थपणे लिहिता येणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवातीला मी सगळे काढतात तेच काढलं. चिमणी, गंजलेलं फाटक, फुटक्या काचांचं छप्पर, भिंतीतून उगवलेला पिंपळ, मागे काचेचा टॉवर. साडेचारशे फोटो जमले. एका रात्री सगळे ओळीने लावून पाहिले, तर माणूस फक्त अकरा फोटोंत होता आणि त्यातले सात वॉचमन. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि माझ्याकडे त्यांच्यातले चार. त्या रात्री झोप लागली नाही.

मग माणसं शोधायला लागलो. काही जण अजून चाळीत आहेत, काही नातवाला शाळेत सोडायला येताना भेटतात. पण विचारलं की उत्तर एकच: "ते ना? ते गेले गावाला." कोकणात, साताऱ्याला, सांगली-कोल्हापूरकडे. म्हणजे गिरणगावाचे फोटो मी निम्म्याच जागेत काढत होतो. उरलेलं निम्मं गिरणगाव एसटीने आठ-दहा तासांवर होतं.

मागच्या मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा पडवीत बसले होते. बोलायला लागण्याआधी त्यांनी खुर्ची फिरवून उजवा कान माझ्याकडे केला. डावा साच्यांनी नेला, म्हणाले. अठरा वर्षं दोन साचे सांभाळले. मी चोरबाजारातून घेतलेला एक जुना लाकडी धोटा (मागावर आडवं सूत नेणारी नळी) सोबत ठेवतो, पोर्ट्रेट काढताना हातात देतो. तो त्यांना दिला. त्यांनी टोकाचं लोखंड अंगठ्याने चाचपलं आणि धोटा बाजूला ठेवला. मग खांद्यावरच्या पंच्याच्या किनारीतून एक सूत उपसलं, मधे तोडलं आणि गाठ मारली. डोळे माझ्याकडे, बोटं आपली आपली चाललेली. दोन-तीन सेकंदांचं काम. गाठ तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. "मोठी झाली तर फणीत अडकते, तार परत तुटते," म्हणाले. चाळीस वर्षांत या हातांनी साचा बघितलेला नाही.

माझं शटर १/६० सेकंदावर होतं, म्हणजे हलत्या बोटांसाठी संथ. बोटं पुसट आली. गाठ तर दिसतच नाही. तरी तोच फोटो वर चिकटवलाय, कारण सहा वर्षांतला तोच मला सगळ्यात खरा वाटतो.

त्याच घरात आत भिंतीवर एक चौकट होती. तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण, मागे रंगवलेला बगीचा, एक हात टेबलावर, शर्टाची बाही मुद्दाम वर सारलेली, घड्याळ दिसावं म्हणून. लालबागच्या कुठल्याशा स्टुडिओत काढून घरी पाठवलेला. "बघा, मी बरा आहे" हे आईला सांगायला. तेव्हापासून मी जिथे जातो तिथे हे फोटो बघायला मागतो आणि घरमालकांनी परवानगी दिली तर त्यांचेही फोटो काढून घेतो. आपण कॅमेरा घेऊन पोचायच्या कितीतरी आधी या लोकांनी स्वतःचे फोटो स्वतःच्या मर्जीने काढून घेतले होते, त्यांना कसं दिसायचं होतं ते त्यांनीच ठरवलं होतं.

इथे घाटावरचे, कोकणातले, सोलापूर-नागपूरकडचे बरेच सभासद आहेत. तुमच्या घरात, वाडीत, भावकीत गिरणीतून परतलेलं कोणी असेल तर कळवा. फोटो काढणाऱ्यांनी आपले अनुभवही लिहा. मी चुकत असेन तिथे स्पष्ट सांगा.

पाटणवाला

वाचून चुलत्यांची आठवण झाली. त्रासनात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. डिलाइल रोडला आमच्या गावाची खोली होती, एका खोलीत पंचवीस-तीस नावं. तीन पाळ्या होत्या म्हणून ते जमायचं. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर आडवा. प्रत्येकाची एक खुंटी आणि एक पत्र्याची पेटी, वळकट्या माळ्यावर. भाडं गावकीचं, आजारी पडला तर बघणारी गावकी, मयत झाला तर माती पण गावकीच करायची.

संपात चुलते "काढणीपुरता जाऊन येतो" म्हणून गावी आले. ती पेटी गावी यायला दोन वर्षं लागली. पुढे मुंबईला गेले ते फक्त फंडाच्या कागदांसाठी.

तुम्ही पेट्यांचे फोटो काढले का? आमच्या गावात अजून सात-आठ असतील. एकीत बी-बियाणं आहे, एकीत देवाचे कपडे. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, तालुका आणि खोली नंबर. गावचा आणि मुंबईचा पत्ता एकाच झाकणावर!

चैत्रात यात्रेला या. सगळे मुंबईकर येतात, जुने एका पारावर बसतात. पण एक सांगतो, आल्या आल्या कॅमेरा काढू नका. "काय करायचं फोटू काढून?" असं विचारतील. त्याला उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या.

उत्तरेचा_उजेड

धागा फार आवडला. एक बाजू मांडतो, रागावू नये.

इमारतींचे फोटो इतके मोडीत काढू नका. मी वास्तुरचनेचं छायाचित्रण करतो. गिरणीच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं ते पाहिलंत ना? दात्याची उभी बाजू काचेची आणि तिचं तोंड उत्तरेला. आपल्याकडे उत्तरेकडून थेट ऊन जवळपास येतच नाही, त्यामुळे आत दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड. तुटलेली तार दिसावी म्हणून केलेली ती सोय. पोर्ट्रेट काढणारे लाखभर रुपयांचे दिवे लावून जो उजेड आणतात तो गिरणीत फुकट होता. मी एका बंद शेडमध्ये दोन तास काढलेत. तसा उजेड पुन्हा कुठे मिळाला नाही. ती शेड आता नाही.

आणि चिमणी म्हणजे नुसता खांब नव्हे. कोळशावर, वाफेवर गिरण्या चालायच्या तेव्हाची ती आहे. १९१५ पासून खोपोलीहून टाटांची वीज यायला लागली आणि हळूहळू चिमण्यांचं काम कमी झालं. म्हणजे बऱ्याच चिमण्या गिरण्या बंद पडायच्या कितीतरी आधीपासून निवांत उभ्या होत्या.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेचर या जोडप्याने १९५९ पासून कित्येक दशकं हेच केलं. पाण्याच्या टाक्या, कोळसाखाणींचे मनोरे, लोखंडाच्या भट्ट्या, सगळं ढगाळ उजेडात, समोरून, कृष्णधवल. फोटोत माणूस नाही. पण आज त्यातलं बरंचसं पाडलेलं आहे आणि ते कसं दिसायचं हे त्यांच्यामुळे कळतं. आपल्याकडे ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती. एकेका गिरणीचं असं शिस्तीत चित्रण कुणी केलं असतं तर?

काळाचौकीकर

@उत्तरेचा_उजेड, रागवायचं काय त्यात. उत्तरेच्या काचांचं मला माहीत होतं, पण त्या उजेडात माणूस बसवून बघावा हे सुचलं नव्हतं. आता गावी गेलो की पडवीची उत्तरेकडची बाजू शोधेन आणि तिथेच खुर्ची मांडेन. तेच छप्पर नाही, पण उजेडाची दिशा तरी तीच असेल.

बेचर मला मान्य आहेत. फक्त आपल्याकडे पडक्या शेडचा वापर कशासाठी होतो ते पाहतोय ना आपण? लग्नाआधीचे फोटो, कपड्यांच्या जाहिराती. पडझड सुंदर दिसते, आणि पडझड कुणाची, हे विचारायचं राहून जातं. तुमच्यासारखे लोक शेड मोजून, समजून काढतात, त्याबद्दल मला आदरच आहे. तुमच्याकडे त्या शेडचे फोटो असतील तर तिथे काम केलेल्या कुणालातरी दाखवायला मला द्याल का?

@पाटणवाला, पेट्या! कसं सुटलं माझ्याकडून. यात्रेला नक्की येतो. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवेन.

उत्तरेचा_उजेड

देतो. बावीस फोटो आहेत, मोठ्या आकारात छापून पाठवतो. मोबाइलवर दाखवू नका, म्हाताऱ्या डोळ्यांना काही कळत नाही.

खाणावळीची_नात

एवढ्या चर्चेत बाई कुठे आहे?

माझी आजी खाणावळ चालवायची. एकवीस माणसं. पहाटे साडेतीनला उठून भाकऱ्या, कारण पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे भरायचे असत. महिन्याचा हिशेब एका वहीत, ती वही मी जपून ठेवली आहे. संप सुरू झाल्यावर पैसे येणं थांबलं, पण आजीने जेवण बंद केलं नाही. किती महिने घातलं ते वहीत दिसतं. पुढे एकेका नावापुढे "गावी" असं लिहिलंय. पैसे आले की नाही, त्याची नोंदच नाही.

अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. आजीही त्यात होती. आणि गिरणीच्या आतही बायका होत्याच की, वाइंडिंगला, रीलिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला. एके काळी बऱ्याच होत्या, मग वर्षानुवर्षं कमी होत गेल्या.

गिरणगावाचे फोटो म्हटलं की मिशीवाला कामगार, लाल बावटा आणि मोर्चा. आजीचा चुलीपुढचा एकही फोटो नाही. तिच्याकडे कॅमेरा घेऊन कुणी आलंच नाही.

काळाचौकीकर

ताई, तुम्ही माझ्या नेमक्या जखमेवर बोट ठेवलंत. एक गोष्ट कुठे लिहिली नव्हती, ती इथे लिहितो.

दोन वर्षांपूर्वी शिवडीत एका काकांचे फोटो काढले. खिडकीजवळ बसवलं, तासभर बोललो. काकू आतून दोनदा चहा घेऊन आल्या. घरी येऊन फोटो निवडताना एका चांगल्या फोटोत उजव्या कडेला काकूंचा हात आणि पदर आला होता. मी तो कापून टाकला. महिनाभराने छापील फोटो द्यायला गेलो. काकूंनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मी तेरा वर्षं वाइंडिंगला होते, तुम्ही विचारलं नाहीत." काका ज्या गिरणीत होते त्याच गिरणीत. त्यांची ओळखही तिथलीच.

मूळ फाइल होती म्हणून तो हात मला परत आणता आला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त काकूंचे फोटो काढले आणि काका चहा करायला उठले.

तेव्हापासून नियम केलाय: घरात शिरल्यावर आधी विचारायचं, या घरातून गिरणीत कोण कोण जायचं? ताई, तुमच्या वहीची पानं दाखवाल का? नावं दिसणार नाहीत अशी काळजी घेतो.

खाणावळीची_नात

हो, या. वही घराबाहेर देणार नाही, इथे बसून काढा. आजीचा तवाही आहे, मधे झिजून खोलगट झालाय. तोही काढा.

स्पष्ट_सांगतो

सगळं छान आहे, पण गिरणी कामगारांना फोटो नकोत, घरं हवीत.

१९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. शेड उभी असलेली जमीन वाटणीतून बाहेर. गिरणी म्हणजे शेडच की हो! मोकळं असं कितीसं असणार? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. मग टॉवर आले. सोडतीत नाव लागायची वाट बघत माझे वडील गेले. तुमच्या प्रदर्शनात ते भिंतीवर टांगले गेले असते तर आम्हाला काय मिळालं असतं?

काळाचौकीकर

दादा, तुमचा राग रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वडिलांबद्दल वाईट वाटलं.

एकच गोष्ट सांगतो. माझा कॅमेरा सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो कागदांसाठी. घरासाठी अर्ज करायचा तर १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर नोकरीत होतो हे दाखवावं लागतं. त्यासाठी तिकीट नंबर, हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, असलं काहीतरी लागतं. हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी गादीखाली, गादी ओलीच्या भिंतीला. घडीवर फाटलेले, शाई उडालेली. आता कुठल्याही घरी गेलो की पोर्ट्रेटच्या आधी कागदांचे फोटो काढतो: सपाट पाटावर ठेवून, बाजूने उजेड, म्हणजे पुसट शिक्काही उठतो. दोन छापील प्रती त्यांना, एक मुलाच्या फोनवर. माझ्याकडची फाइल त्यांनी सांगितलं की पुसतो. कुठलाही नंबर, कुठलंही कार्ड आजवर इंटरनेटवर टाकलेलं नाही.

यानं घर मिळत नाही, माहीत आहे. पण साताऱ्याकडच्या एका कुटुंबाचा मूळ कागद पुढच्याच पावसात गेला आणि आमची प्रत राहिली.

स्पष्ट_सांगतो

हे पटलं. आमच्या चाळीत अशा पिशव्या असलेली आणखी चार घरं आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फोटोंचं नंतर बघू, आधी कागद.

प्रभादेवी_स्टेशन

लँडस्केपबद्दल थोडं. गिरणगाव हा चालत जायचा भाग होता. चाळ, गिरणी, बाजार, देऊळ, सगळं भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात. स्टेशनावर गर्दी नव्हती असं नाही, पण गिरणीची बरीचशी माणसं पायीच यायची. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि तिथे काम करणारे विरार-कल्याणहून येऊ लागले. स्टेशन तेच, जिना तोच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मी त्या पुलावरून रोज जायचो.

म्हणून माझं म्हणणं, बंद फाटकाच्या फोटोशेजारी सकाळी साडेनऊच्या पुलाचा फोटोही लागला पाहिजे. तोही गिरण्यांच्या जमिनीचाच फोटो आहे.

नागपूरकर_ऑरेंज

आमच्याकडे एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली. आता त्या जागेवर मॉल आहे. आजोबांनी त्यात पाय ठेवायला कायम नकार दिला. नागपुरात असे फोटो कोणी काढत असेल तर मी सोबत यायला तयार आहे.

डिचोलीचो

गोव्यात आमच्याकडे गिरणी नाही, खाण. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केले आणि मार्चमध्ये काम थांबलं. गावात ट्रक आंब्याखाली उभे राहिले ते राहिलेच, टायरांत गवत वाढलं. खाणीच्या खड्ड्यात पाणी साचून हिरवागार तलाव झालाय, बाहेरचे लोक त्याचेच फोटो काढतात. ट्रकमालक मात्र फोटो काढू देत नाही. कर्ज अजून फिटलेलं नाही, म्हणतो. मी नाही काढला.

टाइनकाठची

मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला असते. इथेही जहाजबांधणी आणि कोळसा गेला, आणि त्यानंतरची माणसं दाखवणारे फोटो बरेच आहेत. सिर्का-लिसा कॉन्टिनेन नावाची फिनलंडची मुलगी १९६९ मध्ये इथे आली आणि बायकर नावाच्या कामगारवस्तीत राहायला गेली. वस्ती पाडली जात होती. सात वर्षं राहिली, शेवटी तिचं स्वतःचं घरही पाडलं गेलं. कितीतरी वर्षांनी नव्या बायकरमध्ये ती पुन्हा फोटो काढायला गेली.

तिचे फोटो पाहताना मला परळची आत्याची चाळ दिसते. बाहेर वाळत घातलेले कपडे, दारात खुर्ची टाकून बसलेल्या बायका. जवळ राहिल्याशिवाय तसे फोटो निघत नाहीत, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही तर त्याच चाळीत वाढलात.

नायगाव_बीडीडी

तीन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं. लिहितोच.

काळाचौकीकर, तुमच्या अल्बममध्ये चौदा पोर्ट्रेट अशी आहेत जिथे कामगाराच्या हातात धोटा आहे. तोच चोरबाजारातला. माझ्या आजोबांना धोट्याला हात लावू देत नव्हते.

धोट्यात नवी कांडी घातली की सूत बारीक भोकातून बाहेर काढायला साचेवाला त्या भोकाला तोंड लावून श्वास ओढायचा. दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच धोट्याला तोंड लावणार. म्हणून आमच्या लोकांना साचेखात्यात प्रवेश नव्हता. विटाळ. साचेखात्यात पगार जास्त. आम्ही कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. आमच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

सगळे कामगार एक, हे मोर्चात खरं होतं. खात्यात नव्हतं, पाण्याच्या माठापाशी नव्हतं. तुम्ही सगळ्यांच्या हातात एकच धोटा दिलात की तो फरक पुसला जातो. चांगल्या मनाने पुसला जातो, पण पुसला जातोच.

इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचं स्मारक होतंय. आमच्या चाळीतले म्हातारे तिथून जाताना दोन गोष्टी बघतात, स्मारक आणि गिरणी. तुमच्या फोटोत मला दोन्ही बघायच्या आहेत.

काळाचौकीकर

काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला. उत्तर द्यायला आजची संध्याकाळ लागली, कारण आधी चौदाही फोटो परत उघडून बघत बसलो. वहीत प्रत्येकाचं खातं लिहिलेलं आहे. चौदापैकी सहा जण साचेखात्यात कधीच नव्हते. ब्लो रूम, कार्डिंग (कापूस साफ करायची, पिंजायची खाती), त्रासन. त्यांच्या हातात मी धोटा दिला. एकानेही नाही म्हटलं नाही. पाहुणा आलाय, त्याचं मन कशाला मोडा, असंच वाटलं असणार.

मी साचेवाल्याचा मुलगा. माझ्यासाठी गिरणी म्हणजे धोटा. दुसऱ्यासाठी ती दुसरं काही असेल हे मनात आलं नाही, आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती असंही नाही. शाळेत नाही पण युनियनच्या शिबिरात ऐकली होती. ऐकून विसरलो.

ते सहा फोटो अल्बममधून काढलेत. त्या सहा जणांकडे पुन्हा जाईन आणि विचारेन, तुमच्या हातात काय असायचं? काही नसेल तर मोकळा हात. धोटा यापुढे घरीच राहील. तुम्ही लिहिलंत म्हणून आभार मानणंही अपुरं वाटतंय.

पाटणवाला

माझे चुलते त्रासनातच का होते हा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला. घरी विचारतो.

जुना_निगेटिव्ह

विषय थोडा बदलतो, पण महत्त्वाचं आहे. जे काही काढाल ते मुंबईच्या हवेत टिकवा. गिरण्यांना ही दमट हवा मानवायची, सूत कमी तुटायचं. तीच हवा निगेटिव्ह आणि लेन्स खाते. माझ्या १९९० च्या दशकातल्या मोर्चांच्या अकरा रोलना बुरशी लागली. कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, दर पावसाळ्यात जेल तापवून पुन्हा वापरायचं. फाइल दोन वेगळ्या घरांत. आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने खातं, पाळी, गाव लिहा. नायगावच्या भावाने जे दाखवून दिलं ते तुम्हाला तपासता आलं, कारण वहीत खातं लिहिलेलं होतं.

खाणावळीची_नात

काळाचौकीकर काल येऊन गेले. वहीची चाळीस पानं आणि तवा. तवा उत्तरेच्या खिडकीत ठेवून काढला. आईने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नायगाव_बीडीडी

माझे मोठे चुलते ऐंशीच्या पुढचे आहेत, त्रासन खात्यात सव्वीस वर्षं होते. त्यांना हा धागा वाचून दाखवला. आजोबांबद्दल लिहिलं तिथे गप्प बसले. मग संगमेश्वरच्या आजोबांचा गाठीचा फोटो मागितला, चष्मा लावून बराच वेळ बघितला.

म्हणाले, "हा साचेवाल्याचा हात. आमच्यात गाठ मारत नाहीत. तार तुटली की चातीवरचं टोक धरून वर रुळापाशी न्यायचं आणि नुसता पीळ द्यायचा, सूत आपोआप सांधतं. चाती चालूच असते, थांबवायची नाही. हे फोटोत वेगळं दिसलं पाहिजे."

मग रिकामा हात हवेत धरून मला दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट, मनगट किंचित वर. रविवारी सकाळी नऊला या म्हणालेत. वेगात काढायला सांगा, हात थांबवून दाखवता येत नाही म्हणतात.